थंडीत आरव्ही घेऊन नातेवाईकांकडे जायचंय? सात हिवाळ्यांनंतर मी काय सांगेन

प्रश्न थोडक्यात असा आलाय: नवराबायको, वय 62 आणि 59, न्यू जर्सीतलं घर विकून पूर्णवेळ आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचं ठरवतायत. पहिल्याच हिवाळ्यात मुलीकडे मिनियापोलिसला ख्रिसमस, तिथून डॅलसला धाकट्या भावाकडे संक्रांत आणि मग फिनिक्सला कॉलेजचे मित्र. थंडीत हे जमेल का, आणि काय काय काळजी घ्यायची?

जमेल. पण तुम्ही लिहिलाय त्या क्रमाने नाही, तो क्रम आधी बदला.

आमचं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. आम्ही दोघं मूळचे मिरजेचे, 30 वर्षं शिकागोच्या आसपास नोकऱ्या केल्या आणि 2018 च्या सप्टेंबरात घर विकून 30 फुटी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या) मोटरहोममध्ये राहायला आलो, मागे छोटी गाडी ओढून नेतो. चालवणं निम्मं निम्मं, आणि पाणी, गॅस, टाक्या, बॅटऱ्या हे सगळं खातं माझ्याकडे. मुलगी शिकागोलाच नेपरव्हिलला, दीर-जाऊबाई ऑस्टिनला, मित्रमंडळी टुसॉन, फिनिक्स, न्यू जर्सी अशी विखुरलेली. म्हणजे तुमच्यासारखंच, माणसं थंडीत आणि आपल्याला हवी ऊब.

सात हिवाळ्यांत मला एकच गोष्ट पक्की कळलीये, घर बर्फात न्यायचं नाही. घर ऊबेला ठेवायचं आणि बर्फातल्या माणसांना भेटायला आपण विमानाने जायचं. मिनियापोलिसला जानेवारीतल्या रात्रीचं सरासरी तापमान 10 फॅरनहाइटच्या आत असतं, म्हणजे उणे 12-13 सेल्सिअस. आपल्या गाड्यांच्या भिंती दीड-दोन इंचाच्या असतात हो! कंपनी 'फोर सीझन' असं कितीही छापू दे, त्याचा अर्थ एवढाच की ऑक्टोबर-नोव्हेंबरातली एखादी गोठणारी रात्र निभावेल.

तर मुलीकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात जा, दिवाळी तिच्याकडे करा. दिवाळी 2026 सारखी 8 नोव्हेंबरला आली तर तिथे रात्री गोठायला लागलेलं असतं, मग भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचंच, फराळाचे डबे तिने भरले नसतील तरी निघायचं. थँक्सगिव्हिंग डॅलसला भावाकडे. डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फिनिक्स. तिथे गाडी स्टोरेजला लावून ख्रिसमसला विमानाने मिनियापोलिसला जा, दहा दिवस नातवंडांत राहा, परत या आणि संक्रांतीचा तिळगूळ मित्रांबरोबर. माणसं तीच, सण पण तेवढेच, फक्त घर बर्फात अडकणार नाही. स्टोरेजचं भाडं आणि दोन विमान तिकिटं मिळून फुटलेल्या पाइपच्या रिपेअरपेक्षा स्वस्त पडतात, हे अनुभवाने सांगतेय.

तो अनुभव सविस्तरच सांगते, कारण त्यातली चूक सगळेच नवे लोक करतात. पहिल्या हिवाळ्यात, जानेवारी 2019 मध्ये, आम्ही मुलीच्या ड्राइव्हवेवर होतो. शिकागोला त्या महिन्याच्या शेवटी उणे 20 फॅरनहाइटच्याही खाली गेलं होतं, तिथल्यांना आठवत असेल. प्रोपेन (आरव्हीतला गॅस) वाचवू म्हणून मी आत दोन इलेक्ट्रिक हीटर लावले, आत मस्त 68 फॅरनहाइट, आम्ही पांघरुणात खूश. सकाळी नळ उघडला तर पाण्याचा थेंब नाही. झालं असं की आरव्हीची फर्नेस (गॅसवर गरम हवा सोडणारी भट्टी) चालते तेव्हा तिची थोडी गरम हवा एका नळीतून खाली टाक्यांच्या कप्प्यात जाते आणि पाइप, टाक्या त्या हवेवर जगतात. मी हीटरने खोली गरम ठेवली, थर्मोस्टॅटला वाटलं सगळं ठीक आहे, फर्नेस रात्रभर लागलीच नाही, आणि पायाखाली सगळं दगड झालं. चार दिवसांनी वितळलं तेव्हा पाण्याचा पंप मधेच आपोआप टक-टक-टक वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. नळ बंद असताना पंप वाजतोय म्हणजे कुठेतरी गळतंय. टॉयलेटच्या मागे प्लास्टिकचा एक कोपर होता, माझ्या अंगठ्याएवढा, त्याला केसाएवढी चीर. तेवढ्यावरून खालची प्लायवूडची जमीन फुगली. म्हणून थंडीत हीटर लावायचा तर जोडीला लावा, फर्नेसच्या ऐवजी नाही. थर्मोस्टॅट असा ठेवा की फर्नेस तासातून दोन-तीनदा तरी लागलीच पाहिजे. सिंकखालच्या कपाटांची दारं रात्री उघडी टाकायची. बाहेरच्या नळाची होज रात्री काढून ठेवायची, गाडीतली टाकी भरून घ्यायची आणि पंपावर पाणी वापरायचं. सांडपाण्याचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे, टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची, नाहीतर थेंब थेंब गळणारं पाणी नळीत गोठून बूच बसतं आणि ते काढायला कोणी मदतीला येत नाही!

उत्तरेत गाडी उभीच ठेवायची वेळ आली तर पूर्ण विंटराइज करा. वॉटर हीटर रिकामा करून बायपास (म्हणजे त्यात काही जाऊ द्यायचं नाही), पाइपातलं पाणी काढून गुलाबी रंगाचं आरव्ही अँटिफ्रीझ. गुलाबीच घ्या, गाडीच्या रेडिएटरचं हिरवं विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या पाइपात कधीही नको.

प्रोपेनबद्दल बरेच लोक विचारतात की थंडीत गॅस येतो का. येतो, प्रोपेन उणे 42 सेल्सिअसपर्यंत वायू होत राहतो. आपल्याकडे भारतात सिलिंडरात ब्युटेन मिसळलेलं असतं आणि ते शून्याच्या आसपासच सुस्त होतं, म्हणून आपल्या मनात ही भीती असते. इथे अडचण गॅस येण्याची नसून पुरण्याची आहे. 20 पौंडी सिलिंडर 30 हजार बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) फर्नेस सलग चालली तर 14 तासांत संपतो, कडक थंडीत फर्नेस निम्मा वेळ चालतेच म्हणजे सव्वा दिवस. आणि तिचा पंखा बॅटरीवर चालतो, तासाला 7-8 अँपिअर-तास. रात्रभरात 40 अँपिअर-तास सहज जातात, साध्या लेड-ॲसिड बॅटरीचं वापरण्याजोगं जवळजवळ सगळं तिथेच संपलं. लिथियम असेल तर आणखी एक लक्षात ठेवा, ती बॅटरी शून्य सेल्सिअसखाली वापरता येते पण चार्ज करायची नाही, सेल कायमचा खराब होतो. आत गरम जागेत बसवलेली किंवा स्वतःचा हीटर असलेली घ्या.

ओलावा हा थंडीपेक्षा मोठा त्रास, हे कोणी आधी सांगत नाही. गॅस जळला की पाणी तयार होतं, 1 पौंड प्रोपेनमागे 1.6 पौंड पाणी. फर्नेसचा धूर बाहेर जातो पण शेगडीचं सगळं आत. त्यात आपला भात, वरण, चहा चार वेळा, दोघांचे श्वास. सकाळी खिडक्यांवरून ओघळ वाहतात आणि गादीखाली काळी बुरशी. मी काय करते तर भाजी-आमटी कुकरमध्ये किंवा इंडक्शनवर, फोडणी शक्यतो बाहेर छोट्या शेगडीवर (मिरचीची फोडणी आत टाकली की धुराचा अलार्म केकाटतो आणि शेजारचे आजोबा विचारायला येतात), छताचा व्हेंट एक बोट उघडा, छोटा डिह्युमिडिफायर, आणि गादीखाली हवा खेळायला जाळीची चटई. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची तारीख बघून घ्या, त्याला वयोमर्यादा असते. शेगडीने गाडी गरम करायची नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. एक बरी बातमी पण देते, विरजण. थंडीत दही लागत नाही म्हणून मी रडायचे, आता डबा टॉवेलात गुंडाळून फर्नेसच्या जाळीपासून हातभर अंतरावर ठेवते, सकाळी सुरीने कापावं असं दही!

आता रस्ता. तुमचं नशीब चांगलं आहे, मिनियापोलिस ते डॅलस आय-35 एकच हायवे सरळ खाली उतरतो, साधारण 940 मैल. गाडीने लोक दोन दिवसांत जातात, तुम्ही आठवडा धरा. आरव्हीवाल्यांत तीन-तीन-तीन म्हणतात, दिवसाला 300 मैल, दुपारी 3 ला मुक्कामी, आणि मुक्काम तीन दिवस. थंडीत मी 300 चे 200 करते कारण साडेचारला अंधार होतो आणि अंधारात अनोळखी कॅम्पग्राउंडमध्ये 30 फूट गाडी मागे घेणं म्हणजे भांडणाला निमंत्रण. आयोवात बर्फ, कॅन्ससमध्ये आडवा वारा, ओक्लाहोमात पावसाचा बर्फ होणारी ती काचेसारखी आइस, या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात भेटू शकतात. वारा ताशी 40 मैलांच्या वर सांगितला असेल तर आम्ही हलत नाही, गाडीची बाजू म्हणजे शिडाएवढं कापड असतं. बर्फ पडला तर दोन दिवस थांबा, रस्ता साफ होऊन सुकतो, मग निघा.

यातूनच सगळ्यात अवघड गोष्ट येते, ती म्हणजे नातेवाईकांना तारीख न देणं. भाऊ विचारणार, 'दादा, नक्की कधी पोचतोयस?' आणि तुम्ही 'बुधवारी संध्याकाळी' म्हणालात की संपलं, कारण भावाची बायको जेवणाची तयारी करणार, चार घरं बोलावणार आणि तुम्ही त्या बुधवारच्या ओढीने ज्या वाऱ्यात निघायला नको त्यात निघणार. आम्ही एकदा असंच एका साखरपुड्यासाठी मिसुरीतून बर्फात निघालो आणि उतारावर गाडी सावकाश आडवी सरकत गेली, काही झालं नाही, पण पुढचे दोन तास आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. तेव्हापासून 'सोमवार ते शनिवार कधीही, आदल्या दिवशी फोन करतो' एवढंच सांगतो. आधी लोकांना वाईट वाटतं, मग सवय होते. तारीख पाळायचीच असेल, लग्न, मुंज, बारसं, तर विमान.

डिझेल गाडी घेणार असाल तर टेक्सासमध्ये टाकी फुल करून उत्तरेला जाऊ नका, दक्षिणेतलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं, उत्तरेत हिवाळी मिश्रण मिळतं ते तिथेच भरा. टायरचं प्रेशर दर 10 फॅरनहाइटला दोनेक टक्के उतरतं, सकाळी निघण्याआधी मोजायचं. आणि टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष, सहा-सात वर्षं झाली असतील तर नक्षी नवी दिसली तरी बदला.

डॅलसहून फिनिक्सला आय-20 आणि मग आय-10, एल पासो, लास क्रुसेस, टुसॉन. नकाशा तुम्हाला कदाचित आय-40 दाखवेल, तो फ्लॅगस्टाफवरून जातो आणि फ्लॅगस्टाफ 7 हजार फुटांवर आहे, तिथे जोरदार बर्फ पडतो, ॲरिझोना म्हटलं की आपल्याला वाळवंटच आठवतं म्हणून फसायला होतं. खालच्या आय-10 वर बर्फाची भीती कमी, पण न्यू मेक्सिकोत लॉर्ड्सबर्गच्या पुढे धुळीची वादळं उठतात, समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन थांबायचं आणि दिवे बंद करायचे, नाहीतर मागचा तुमच्या दिव्यांच्या मागे येऊन आदळतो.

न्यू जर्सीहून निघताना आधी मेरीलँड-व्हर्जिनियातली मंडळी गाठणार असाल तर बाल्टिमोरच्या पाण्याखालच्या दोन्ही बोगद्यांतून आरव्हीचं प्रोपेन नेता येत नाही. पूर्वी अशा गाड्या आय-695 (बाल्टिमोरभोवतीचा रिंग रोड) वरच्या की ब्रिजवरून जायच्या, तो पूल मार्च 2024 मध्ये जहाज धडकून पडला, तेव्हा आता 695 ने पश्चिमेकडून वळसा घाला. आणि न्यूयॉर्क-कनेटिकटच्या पार्कवेंवर चुकूनही चढू नका, तिथले जुने पूल बुटके आहेत. गाडीची उंची एसीसकट मोजून स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवा आणि आरव्हीचा वेगळा जीपीएस घ्या, फोनवरच्या नकाशाला तुमची उंची माहीत नसते.

आता पाहुणे म्हणून राहण्याबद्दल, मला मनापासून जे सांगायचंय ते हे. आपलं घर त्यांच्या दारात उभं असतं याच्याइतकं सुख नाही. जावयाच्या घरात अंघोळीची वेळ सांभाळायची नाही, त्यांची झोप मोडायची नाही, आपली उशी, आपला चहा, आपली देवाची छोटी पेटी. नातू सकाळी सात वाजता बर्फाचे बूट घालून दार वाजवायचा, 'आजी, पोहे!' आणि बूट पायरीवरच काढायचा कारण आजीच्या गाडीत बूट चालत नाहीत हे त्याला कोणी न सांगता कळलं होतं. घरात राहिलो असतो तर तो माझ्याकडे असा एकटा आला नसता.

पण त्यासाठी तयारी लागते. भावाला आधी विचारा की त्याच्या वस्तीत हाउसिंग असोसिएशन आहे का आणि ड्राइव्हवेवर आरव्ही किती दिवस चालते. काही ठिकाणी एक रात्र, काही ठिकाणी अजिबात नाही, आणि शहराचे नियम वेगळेच. आपण चार दिवसांत निघून जातो, नोटीस त्यांना येते. वीज म्हणाल तर गराजमधलं साधं प्लग 15 अँपिअरचं असतं, म्हणजे 1800 वॅट. ॲडाप्टर लावून गाडी जोडता येते पण एक 1500 वॅटचा हीटर लावला की झालं, त्यावर मायक्रोवेव्ह लावलात तर त्यांच्या गराजचा फ्रीज पण बंद पडतो. केबल जाड घ्या, 10 गेजची, आणि पहिल्या तासाभरात प्लगला हात लावून बघा. माझ्या पहिल्या बारीक केबलचा प्लग इतका तापला होता की प्लास्टिक मऊ पडलं. ब्लॅक टँक (संडासाची टाकी) कोणाच्याही अंगणात सोडायचा विषय नको, महामार्गावरच्या बऱ्याच मोठ्या ट्रक स्टॉपवर डंप (टाक्या रिकाम्या करायची सोय) आणि प्रोपेन दोन्ही मिळतं. उत्तरेकडची बरीच स्टेट पार्क हिवाळ्यात पाणी बंद करतात, तेव्हा आधी फोन.

टेक्सास म्हणजे ऊब असंही धरून चालू नका. फेब्रुवारी 2021 ला आम्ही ऑस्टिनला दिराच्या ड्राइव्हवेवर होतो, तिथे बर्फ पडला आणि राज्यभर वीज गेली. दुसऱ्या रात्री त्यांच्या हॉलमध्ये तोंडातून वाफ निघत होती. आमच्याकडे गॅस भरलेला, पाण्याची टाकी भरलेली, जनरेटर चालू, मग ती चौघं पांघरुणं घेऊन आमच्या गाडीत आली. 30 फुटांत सहा जण, जाऊबाई आणि मी एका पलंगावर उलटसुलट, पोरं वरच्या बंकवर, दीर ड्रायव्हरच्या सीटवर ब्लँकेट घेऊन. तीन दिवस पिठलं-भात खाल्ला. नवऱ्याने हट्टाने आधीच पेट्रोलची टाकी फुल केली होती म्हणून निभावलं, कारण आमच्या गाडीत जनरेटर त्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि पाव टाकी उरली की तो आपोआप बंद पडतो, पंपापर्यंत जायला पेट्रोल राहावं म्हणून. वादळ येणार म्हटलं की पेट्रोल, प्रोपेन, पाणी भरून घ्यायचं आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या, हे काम आदल्या दिवशीचं.

कागदपत्रांत वेळ घालवा, लोक गाडी निवडण्यात सहा महिने घालवतात आणि हे शेवटच्या आठवड्यात करतात. घर विकल्यावर तुमचं राज्य कुठलं? पूर्णवेळवाले बहुतेक साउथ डकोटा, टेक्सास नाहीतर फ्लोरिडा धरतात, तिन्हीकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. आम्ही साउथ डकोटाचं लायसन्स काढलं तेव्हा एका रात्रीच्या मुक्कामाची पावती पुरली. मतदानाचे नियम वेगळे आहेत आणि बदलत असतात, जाण्याआधी बघून घ्या. सू फॉल्स मिनियापोलिसहून एका दिवसाच्या अंतरावर आहे, मुलीकडे असतानाच करून या. दोघांपैकी कोणाचं ग्रीन कार्ड असेल तर पत्ता बदलल्यावर 10 दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं असतं, ते विसरू नका. आरव्हीचा इन्शुरन्स साधा घेतलात तर तो सुट्टीपुरता असतो, पूर्णवेळ राहणाऱ्यांचा वेगळा मिळतो, तो मागा.

आणि हेल्थ इन्शुरन्स, तुमच्या वयाला हाच खरा प्रश्न आहे. 65 पर्यंत मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातला) प्लॅन, आणि त्याचं नेटवर्क बऱ्याचदा राज्यापुरतं, म्हणजे राज्य निवडण्याआधी प्लॅन बघा. 65 नंतर मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) सगळ्या राज्यांत चालतं, त्याऐवजी खासगी कंपन्या देतात ते ॲडव्हांटेज प्लॅन मात्र बरेचसे त्या भागातल्या डॉक्टरांपुरते. आम्ही मूळ मेडिकेअर आणि पूरक प्लॅन घेतला, महाग पडतो पण टुसॉनला ह्यांना छातीत दुखलं तेव्हा नेटवर्कचा विचार न करता जे हॉस्पिटल जवळ होतं तिथे नेता आलं. तुम्ही 62 चे आहात तर नॅशनल पार्कचा सीनियर पास आजच मिळेल, 80 डॉलर आयुष्यभराचे, ग्रीन कार्डवाल्यांनाही मिळतो आणि सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये बऱ्याच ठिकाणी भाडं निम्मं.

फिनिक्सला मित्रांच्या दारात जागा नसली तर काळजी नको. पश्चिमेला दोनेक तासांवर क्वार्टझाइट आहे, तिथे वाळवंटात सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल राहता येतं, मी परमिट घेतलं तेव्हा सगळ्या मोसमाचे 180 डॉलर होते. जानेवारीत तिथे हजारो आरव्ही उतरतात. वीज नाही, सोलर हवं, पण हवा अशी कोरडी की तिळाच्या वड्या आठवडाभर कुरकुरीत राहतात, ह्या वर्षी शेजारच्या कॅनेडियन जोडप्याला दिल्या तर बाई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत आली.

हे सगळं एवढं करायचं कशाला, असं मुलगी विचारायची. टुसॉनला माझी हॉस्टेलची मैत्रीण आहे, तिला पार्किन्सन्स. प्रवास तिला जमत नाही आणि घरात पाहुणे आले की तिची धडपड सुरू होते, ह्यांना काय करू, त्यांना काय देऊ. आम्ही तीन आठवडे जवळच्या पार्कमध्ये गाडी लावली. रोज चार वाजता तिचा नवरा तिला घेऊन यायचा, आमच्या दोन पायऱ्या चढायला तिला पाच मिनिटं लागायची आणि चढल्यावर ती माझ्या टेबलाशी बसायची, पाहुणी म्हणून. चहा मी करायचे. वीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही घाईशिवाय बोललो. विमानाने जाऊन दोन दिवसांत परतलो असतो तर हे झालं नसतं, म्हणून ज्यांच्याकडे ऊब आहे त्यांच्याकडे घर घेऊन जा आणि भरपूर राहा.

शेवटचं, विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. जुलैत नको, फेब्रुवारीत, दहा दिवस, रात्री गोठतं अशा ठिकाणी, टेनेसी किंवा उत्तर टेक्सास. दोघांनी आलटून पालटून टाक्या रिकाम्या करा, दोघांनी गाडी मागे घ्या. वहिनींनी, म्हणजे तुमच्या बायकोने, स्टिअरिंगला हात लावलाच नाही असं करू नका, तुमची तब्येत बिघडली तर गाडी कोण हलवणार?

आणि भावाला आज सांगा की ड्राइव्हवेची लांबी, रस्त्यापासूनचा चढ आणि वर झाडाची फांदी किती उंचीवर आहे ते टेपने मोजून पाठव. चढ जास्त असेल तर गाडीचं मागचं टोक घासतं. ते आकडे आले की मला कळवा, 30 फुटी बसते का 25 चीच बघायची ते मग सांगते.